मडक्यांच्या उतरंडीचा केक: मे महिन्यात, लॉनवर, अंड्याविना

## पार्श्वभूमी

लग्न जालन्यातलं, मे महिन्याचा शेवटचा आठवडा, शहराबाहेरचं लॉन. दुपारी लग्न, संध्याकाळी स्वागत समारंभ, पाहुणे आठशेच्या घरात. केकची ऑर्डर मार्चअखेर छत्रपती संभाजीनगरातल्या एका घरगुती बेकरीकडे गेली. दोन बहिणी आणि एक मदतनीस एवढीच तिथली माणसं. मजली केक त्यांनी भरपूर केले होते, पण सगळे सरळ भिंतीचे.

वधूला बोहल्याच्या कोपऱ्यांना रचतात तशी उतरंड हवी होती: खाली डेरा, त्यावर माठ, मग घागर, मडकं आणि शेंड्याला बोळकं. रंग भाजलेल्या मातीचा, वर चुन्याची पांढरी नक्षी आणि हळदी-कुंकवाची बोटं. घर शाकाहारी, त्यामुळे अंडं नाही आणि जिलेटिनही नाही. चवींमध्ये केशर आंबा आणि मोसंबी हवीच, असा वधूच्या मामांचा आग्रह होता. दोन्ही फळं इकडची, दोन्हींना भौगोलिक मानांकन, आणि मामांची स्वतःची मोसंबीची बाग.

आणखी एक अट मामांनी बोलता बोलता घातली. पुढे सगळ्यात जास्त चर्चा तिच्यावरच झाली: "ताई, थर्माकोल नको बरं का. लोक नावं ठेवतात."

## अडचण

सरळ भिंतीच्या केकमध्ये वरच्या मजल्याचं वजन खालच्या मजल्यात खोचलेल्या डाऊएलवरून, म्हणजे आधाराच्या उभ्या काड्यांवरून, पाटावर उतरतं. मडक्याला बूड अरुंद, पोट रुंद आणि तोंड पुन्हा अरुंद. १२ इंच पोटाच्या माठाचं बूड साडेसात इंच धरलं, तर चारही बाजूंनी सव्वादोन इंच केक अधांतरी राहतो. मातीचं मडकं भट्टीत भाजलेलं असतं, म्हणून त्याला ते झेपतं. स्पंजला झेपत नाही. पोटाखालचा भाग आधी फुगतो, मग त्यावरच्या फाँडंटला (केकवर चढवलेल्या साखरेच्या पोळीला) सुरकुती पडते आणि शेवटी तिथूनच चीर जाते.

दुसरी अडचण हवामानाची. मे महिन्यात जालन्याला दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि संध्याकाळी सातला सावलीतही ३६–३७ अंश असतात. अस्सल चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे स्टेजवरची हवाच त्याच्या वितळण्याच्या पुढे.

तिसरी अडचण अंतराची: संभाजीनगर ते जालना साठेक किलोमीटर, वाटेत बदनापूर आणि गतिरोधक.

## खरा केक किती, थर्माकोल किती

पाचही मडकी खऱ्या केकची करायची तर आकार असे ठरत होते (पोटाचा व्यास × उंची, इंचांत): डेरा १४×९, माठ १२×साडेसात, घागर १०×साडेसहा, मडकं ८×५, बोळकं ६×४. सगळं मिळून तीस किलोच्या आसपास. त्यातला एकटा डेराच बारा-तेरा किलोचा, आणि तो सगळ्यात खाली, कापायला सगळ्यात अवघड जागी.

बेकरीपुढे तीन वाटा होत्या. सगळं खरं करायचं, फक्त कापायचं मडकं खरं करून बाकी थर्माकोल लावायचं, किंवा मधली तीन खरी आणि टोकाची दोन खोटी ठेवायची. तिसरी वाट घेतली. डेरा खोटा ठेवला की पाया पक्का होतो, आणि बोळकं खोटं ठेवलं की शेंडा हलका राहतो. मधली तीन मडकी मिळून १५.७ किलो भरली: माठ ८, घागर ५, मडकं २.७.

मामांना पटवताना थर्माकोलचं समर्थन केलं नाही, हिशोब मांडला. आठशे माणसांना तीस किलोही पुरत नाही, आणि गोडाचा काउंटर आचाऱ्याकडे होताच. म्हणून केक घरच्या आणि जवळच्या माणसांपुरता ठरला आणि स्टेजमागे वाटण्यासाठी त्याच चवींचा साधा दहा किलोचा स्लॅब केक वेगळा द्यायचा ठरला. खोटी मडकी कोणती, हे कोटेशनमध्ये लिहून सही घेतली. हा कागद महत्त्वाचा. नाहीतर समारंभानंतर कुणीतरी डेऱ्यात सुरी घालतं आणि पैशांचा वाद तिथून सुरू होतो.

भावही दोन भागांत दिला: खाण्याच्या केकचा किलोवर, खोट्या मडक्यांचा आणि सांगाड्याचा कामावर. "थर्माकोलचेही पैसे?" असं विचारलं गेलंच. पण १४ इंची डेऱ्यावर पावणेदोन किलो फाँडंट आणि दीड दिवसाची नक्षी लागते, हे दाखवल्यावर विषय मिटला.

## सांगाडा: वजन कुठून उतरवायचं

सगळ्या कामाचा जीव इथे होता. पहिला विचार डाऊएलचा. तो लगेच बाद झाला, कारण मडक्याच्या तोंडाशी वर्तुळ जेमतेम सहा इंचांचं. तेवढ्यात पाच डाऊएल खोचले की केक चाळणीसारखा होतो, आणि वरचं मडकं जरा कललं तरी सगळे एकाच बाजूला झुकतात.

दुसरा विचार बेकऱ्यांमध्ये नेहमी वापरतात त्या १२ मिलिमीटरच्या आटेदार सळईचा. पाटातून सळई उभी करायची, प्रत्येक मडक्याखाली नट-वॉशर आणि त्यावर प्लायची तबकडी. वजन पेलायला ती पुरेशी आहे. पण तीन फूट उंचीवर तिच्या टोकाला एक किलोचा धक्का दिला की टोक अडीच सेंटिमीटर सरकतं. रिकाम्या सळईची चाचणी घेतली तेव्हाच हे दिसलं. स्टेजच्या फळ्यांवर मुलं नाचायला लागली की वरचं मडकं डुलणार, आणि डुलणारा केक पडला नाही तरी सांध्यांना तडे जातात.

बेकरीने गाठलेल्या फॅब्रिकेशनवाल्याने सळईऐवजी पाइप सुचवला. एक इंची, १६ गेजचा स्टेनलेस स्टीलचा पाइप त्याच धक्क्याला दीड मिलिमीटरच हलतो. धातू सळईपेक्षा थोडासाच जास्त, पण तो मध्यापासून दूर असल्यामुळे ताठपणा सुमारे सतरा पट. नवख्या माणसाला भरीव सळई मजबूत वाटते. वाकण्याच्या बाबतीत पोकळ पाइप तिला सहज मागे टाकतो.

शेवटी ठरलेला सांगाडा असा:

- पाट: १८ मिलिमीटर प्लाय, २० इंच चौरस, खाली एक इंची पाय. मधोमध ६ मिलिमीटर जाडीची सहा इंची लोखंडी प्लेट, चार बोल्टने आवळलेली. तिच्यावर पाइपचं बूड वेल्ड केलेलं.
- पाइप: दोन तुकड्यांत. जोड घागरीच्या खाली, आतून घट्ट बसणारा चार इंचांचा तुकडा घालून. एकच सलग पाइप असता तर आठ किलोचा माठ तीन फूट वर उचलून खाली सोडावा लागला असता.
- कॉलर (पाइपवर चढणारं कडं): प्रत्येक वरच्या मडक्याखाली एक, दोन ग्रब स्क्रूंनी (बिनडोक्याच्या स्क्रूंनी) आवळायची. कॉलरवर तीन इंची चकती, चकतीवर ८ मिलिमीटर प्लायची तबकडी. कॉलर वेल्ड केल्या नाहीत, कारण मग वरून येणारी तबकडी पहिल्याच कॉलरला अडते. कागदावर हे सुचत नाही, जोडायला बसल्यावर सुचतं.
- बाही: प्रत्येक खऱ्या मडक्याच्या मधोमध सव्वा इंची सीपीव्हीसी पाइपचा तुकडा, मडक्याच्या उंचीपेक्षा ३ मिलिमीटर कमी. स्टीलचा पाइप त्यातून जातो, केकला लागत नाही.

अशा रचनेत मडकी एकमेकांवर बसलेली दिसतात, पण बसलेली नसतात. खालच्या मडक्याचा काठ आणि वरची तबकडी यांच्यात चार मिलिमीटरची फट ठेवली. ती फट, तबकडी आणि कॉलर झाकायला फाँडंटच्या पिळाची चुंबळ केली. वधूच्या आजीला चुंबळ सगळ्यात आवडली. ती खरं तर नट-बोल्ट लपवण्यासाठी होती.

मोठ्या मडक्यांच्या आतही आधार लागतो. दर चार-पाच इंचांना एक आडवा बोर्ड हवा. माठात आणि घागरीत पोटाच्या ओळीवर पातळ बोर्ड घातला आणि त्याखाली पाच जाड स्ट्रॉ उभे केले. अधांतरी पोटाचं वजन त्यामुळे खालच्या स्पंजवर न येता बोर्डावर येतं.

## स्पंज, सारण आणि मोसंबीचा प्रश्न

कोरून गोल करायचा केक मऊ चालत नाही, चुरा होतो. कंडेन्स्ड मिल्कचा घट्ट स्पंज निवडला. एका घाण्याचं प्रमाण: मैदा २५० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क ४०० ग्रॅम, लोणी ११० ग्रॅम, दूध २०० मिलिलिटर, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, सोडा अर्धा चमचा, व्हिनेगर एक मोठा चमचा. चॉकलेटच्या माठासाठी ४० ग्रॅम मैद्याच्या जागी कोको. भाजून, गार करून, गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये. कोरणं दुसऱ्या दिवशी.

कढईत भाजून अर्धगोल आयता मिळेल, ही कल्पना मोहक आहे. १० इंची कढईत करूनही पाहिलं. मध्यभागी चार इंच जाडी, तिथे कच्चं. कडेला पापुद्र्यासारखं कडक. त्यापेक्षा ८, १० आणि १२ इंची टिनमध्ये दीड इंची थर भाजून, लहान-मोठे-लहान असे रचून कोरले. टिन आकाराप्रमाणे निवडल्यामुळे कोरताना निघालेला चुरा पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी राहिला.

केशर आंब्याच्या सारणात ताज्या फोडी घातल्या नाहीत. त्या पाणी सोडतात आणि थर घसरतो. रस निम्मा होईपर्यंत आटवला आणि पांढऱ्या गनाशमध्ये (चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणात) मिसळला; प्रत्येक थराच्या कडेला घट्ट गनाशचा बांध घालून मग आत सारण.

मोसंबीने मात्र दमवलं. रस काढून ठेवला की काही तासांत कडवटपणा येतो आणि तापवला की आणखी वाढतो. मोसंबी-संत्र्याच्या रसातलं लिमोनिन त्याला कारण. पहिल्या चाचणीतला मोसंबीचा कर्ड (रस शिजवून केलेलं घट्ट सारण) संध्याकाळी चांगला होता, दुसऱ्या सकाळी कडू. साखर वाढवून कडू चव झाकत नाही. तिथे दोनच पर्याय उरले: चव सोडून द्यायची किंवा रस सोडून द्यायचा. रस सोडला. सालीचा फक्त पिवळसर-हिरवा भाग किसून साखरेत चोळला, एक रात्र ठेवला आणि तीच साखर ८ इंची मडक्याच्या स्पंजमध्ये आणि सारणात वापरली. पांढरी साल किसली गेली तर पुन्हा कडू, म्हणून बारीक किसणी आणि हलका हात. लग्नाच्या सुमारास मृग बहाराची मोसंबी संपत आलेली असते. मामांच्या बागेतली शेवटची फळं आधीच आणून त्यांची साल साखरेत घालून ठेवली होती.

## कवच आणि कातडी

बाहेरच्या गनाशसाठी अस्सल चॉकलेट की कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती फॅट वापरलेलं चॉकलेट), यावर बेकरीत मतभेद झाला. थोरल्या बहिणीचं मत चवीकडे, धाकटीचं उन्हाकडे. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळावं, अशी तडजोड पुढे आली. सगळ्यात वाईट पर्याय तोच होता. कंपाउंडमधलं वनस्पती फॅट आणि कोको बटर एकमेकांत मिसळले की मिश्रण दोघांपेक्षाही मऊ पडतं. एक वाटी करून ३५ अंशांत ठेवल्यावर चमच्याने पाहिलं, आणि वाद संपला. बाहेरचं कवच पूर्ण कंपाउंडचं, आतलं सारण पूर्ण अस्सल चॉकलेटचं.

प्रमाण चॉकलेट तीन भाग, २५ टक्के फॅटचं क्रीम एक भाग. हिवाळ्यात दोनास एक चालतं. कवचाची जाडी ८ मिलिमीटर. तीन मडक्यांना मिळून साडेचार किलो गनाश लागला. मडकं आधी उलटं ठेवून खालच्या अर्ध्या भागाला गनाश लावला, फ्रिजमध्ये घट्ट केला, मग सुलटं करून वरचा अर्धा. सुलट्या मडक्याच्या पोटाखाली गनाश लावायला गेलं की तो स्वतःच्याच वजनाने ओघळतो.

फाँडंट घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका आणि घटक दोन्ही पाहिले, कारण जिलेटिन असलेली पाकिटं बाजारात असतात. गोल पोटावर एकच पोळी चढवली तर खाली चुण्या जमतात. म्हणून दोन तुकडे: खालचा आणि वरचा, जोड बरोबर पोटाच्या ओळीवर. जोडावर कुंभार ओढतो तशी पट्टी. जाडी ४ मिलिमीटर, एकूण सात किलो फाँडंट, त्यातला तिसरा हिस्सा कापाकापीत. मातीचा रंग लाल रंगाने आणला नाही. कोको आणि थोडा केशरी. वरून कोरड्या स्पंजने कोकोची पूड थोपटली की चकाकी जाते आणि माती दिसते. चुन्याची नक्षी अंड्याविना रॉयल आयसिंगची: आयसिंग शुगर, पाणी, थोडं ग्लुकोज, चिमूटभर टायलोज (घट्टपणा आणणारी पूड).

इथे मराठवाड्याच्या हवेचा एक फायदा आहे. मुंबईत फ्रिजमधून काढलेल्या फाँडंटला घाम फुटतो. इकडच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमते ते) बहुधा १५ अंशांच्या आसपास किंवा खालीच राहतो. १८–२० अंशांचा केक बाहेर काढला तरी त्यावर पाणी जमत नाही. इकडे फाँडंट उलट वाळून तडकतं, म्हणून पोळी लाटताना हाताला तूप लावावं लागतं आणि उरलेला गोळा क्षणभरही उघडा ठेवता येत नाही. बेकरीची सगळी तयारी या कोरड्या हवेच्या भरवशावर होती.

## वाहतूक आणि लॉनवरची जागा

मडकी सुटी न्यायची, यावर चर्चाच झाली नाही. प्रत्येक मडकं तबकडीसह वेगळ्या खोक्यात, खाली न घसरणारी जाळी, गाडीच्या सपाट तळावर, एसी चालू. सकाळी साडेसहाला निघून आठच्या आत जालना.

लग्नाच्या आठवडाभर आधी एक फोन केला होता आणि त्या फोनने केक वाचवला. नवरीच्या खोलीत एसी आहे, असं लॉनवाल्याने सांगितलं होतं. बेकरीने विचारलं, जनरेटरवर तो एसी चालतो का? चालत नव्हता, जनरेटरवर फक्त स्टेज, दिवे आणि पाण्याची मोटर. लग्नाच्या दुपारी दीड तास वीज गेली. तोवर वायरमनकडून एसीची लाइन जनरेटरवर घेऊन ठेवली होती, म्हणून खोली २० अंशांवर राहिली.

जोडणी खोलीत करायची की स्टेजवर? खोलीत केली तर पाट, सांगाडा आणि केक मिळून सत्तावीस किलोंचा उभा ढाचा हिरवळीवरून न्यावा लागतो. चाकं मातीत रुततात, चौघांनी उचलला तर चौघांची पावलं जुळत नाहीत. स्टेजवर केली तर केक उघड्यावर जास्त वेळ राहतो. बेकरीने स्टेज निवडलं. कार्यक्रम साडेसातचा, पावणेसहाला पडद्यामागे काम सुरू, सातला पूर्ण. टेबलाच्या पायांखाली फळ्यांचे तुकडे घालून पाणसळीने पाट समतल केला, ओळंब्याने पाइप तपासला. टेबल नेहमीच्या ३० ऐवजी २४ इंचांचं घेतलं, नाहीतर कापायची घागर जोडप्याच्या छातीच्या वर गेली असती.

सुरी मध्यावरच्या पाइपला अडते, म्हणून घागरीवर एक त्रिकोणी फोड आधीच कापून परत बसवली आणि जागेची खूण म्हणून दोन बोटं कुंकू. पूजेचं कुंकू खाण्यालायक नसतं. हळद-कुंकवाच्या सगळ्या खुणा खाण्याच्या रंगाच्या होत्या.

## स्टेजवर काय झालं

सव्वासातला मंडपवाल्याने स्टेजच्या दोन्ही बाजूंचे जम्बो कूलर सुरू केले. डावा कूलर केकपासून सात-आठ फुटांवर. मंडपाच्या नकाशात तो नव्हता. उकाडा पाहून ऐनवेळी आणला होता.

कूलरची हवा गार असते, तशीच ओली असते. तिचा दवबिंदू २० अंशांच्या वर सहज जातो, आणि केक नुकताच २० अंशांच्या खोलीतून आलेला. आठच्या सुमारास माठाची डावी बाजू चमकू लागली. मातीचा मंद पोत गेला आणि ओल्या मडक्यासारखी झळाळी आली. नक्षीच्या तीन रेषा पसरल्या. डेऱ्यावरच्या चुंबळीचा एक पीळ मऊ होऊन खाली लोंबला.

निवड तीन गोष्टींत होती. केक उचलून आत न्यायचा, हे सुट्या भागांशिवाय अशक्य आणि सुटे करायला पाऊण तास. कूलर बंद करायचा, तर पाहुणे आणि मंडपवाला दोघेही नाराज. धाकट्या बहिणीने तिसरं केलं: डाव्या कूलरचा फक्त पंप बंद करायला लावला. पाणी थांबल्यावर जाळ्या वाळेपर्यंत वीसेक मिनिटं गेली, मग तो कोरड्या हवेचा मोठा पंखा झाला. लॉनवरच्या कोरड्या हवेने पाऊण तासात फाँडंट पुन्हा घट्ट केलं. चकाकी राहिलेल्या जागी कोरड्या ब्रशने कोको थोपटला. ओलं असताना थोपटला असता तर डाग पडले असते. हात आवरून थांबणं हेच त्या अर्ध्या तासातलं काम होतं.

मग वेळेचा प्रश्न. साडेसातचं जोडपं स्टेजवर आलं नऊ वाजून पाच मिनिटांनी. मराठवाड्यातल्या लग्नात हे धरूनच चालावं लागतं. केक कापला नऊ-वीसला, म्हणजे जोडणीपासून सव्वादोन तासांहून अधिक काळ तो ३५–३६ अंशांत उभा होता. थंड फटाक्यांची यंत्रं केकच्या दोन्ही बाजूंना लावायचा बेत होता; ती पंधरा फूट मागे नेली होती, कारण ठिणग्यांमधली धातूची भुकटी केकवर बसते आणि झटकता येत नाही.

## निकाल

केक उभा राहिला. पाइप ओळंब्यातून हलला नव्हता आणि चारही फटी शेवटपर्यंत तशाच होत्या, म्हणजे एकाही मडक्याचं वजन खालच्यावर आलं नाही. स्टेजमागे मडकी उघडली तेव्हा माठाचा खालचा अर्धा भाग तीन-चार मिलिमीटर ओघळलेला दिसला. सुरकुती पोटाच्या पट्टीखाली लपली होती. कंपाउंडचं कवच दाबल्यावर बोट उमटत होतं, पण ओघळत नव्हतं. अस्सल चॉकलेट बाहेर असतं तर नऊ वाजेपर्यंत ते टिकलं नसतं, असं आमचं मत आहे.

चवीत आंब्याची घागर आधी संपली. मोसंबीचं मडकं पाहुण्यांपैकी काहींना लिंबाचं वाटलं. मामांना मात्र ओळखू आलं, आणि पैसे तेच देणार होते. थर्माकोलबद्दल दोन-तीन जणांनी विचारलं. डेऱ्याला सुरी लागली नाही.

एक नुकसान शेवटी झालं. रात्री बाराला आवराआवरीत पाट आणि पाइप मंडपवाल्याच्या टेम्पोत टेबलांबरोबर गेले. दोन दिवसांनी परत आले, पण दोन कॉलर आणि ॲलन की गायब होती. सांगाड्याची अनामत घेतली नव्हती.

## वेगळं काय करता आलं असतं

कूलर आणि पाण्याचे फवारे उडवणारे पंखे कुठे असणार, हे लॉन पाहायला गेलेल्या दिवशीच मंडपवाल्याला विचारायला हवं होतं. बेकरीने उन्हाचा, विजेचा, रस्त्याचा विचार केला. ओलावा मात्र हवेतून येणार नाही, असं गृहीत धरलं. हवा कोरडी होती, पण स्टेजची हवा लॉनची हवा नसते. पुढच्या कोटेशनमध्ये केकपासून वीस फुटांच्या आत पाण्याचा कूलर नको, अशी अट हवी, आणि ती मंडपवाल्यापर्यंत वधूपक्षाने पोचवायची.

जोडणीची वेळही पत्रिकेवरच्या वेळेवरून ठरवली गेली. पाट, डेरा आणि माठाची कॉलर आधी लावून, खरी मडकी खोलीतच ठेवून, जोडपं लॉनच्या फाटकातून आत आल्याचा निरोप मिळाल्यावर ती चढवणं शक्य होतं. तीन मडकी चढवायला आणि चुंबळी बसवायला सरावलेल्या दोघांना पंचवीस मिनिटं लागतात. सत्कार आणि फोटोंत तेवढा वेळ जातोच. त्यासाठी स्टेजचा अर्धा पडदा मिळायला हवा, आणि तो फोटोग्राफरशी आधी बोलल्याशिवाय मिळत नाही.

माठाचा ओघळ टाळायला पोटाच्या बोर्डाचा व्यास वाढवता आला असता. तो नऊ इंची होता. साडेदहा इंची घेतला असता तर कवचाच्या आतल्या कडेपर्यंत आधार पोचला असता. कोरताना बोर्डाची कड उघडी पडेल, या भीतीने तो लहान ठेवला होता. त्याऐवजी आधी बोर्ड अचूक कापून त्याच्या कडेलाच सुरीचा मार्गदर्शक म्हणून वापरावं.

फाँडंटऐवजी मॉडेलिंग चॉकलेट वापरलं असतं तर ओलाव्याचा त्रास कमी झाला असता, पण ३६ अंशांत ते मऊ पडतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या लग्नात तो पर्याय चांगला. मे महिन्यात नाही.

सांगाड्याची अनामत आता पाच हजार घेतली जाते. कॉलरवर एक ते चार आकडे कोरून घेतले आहेत, आणि केक कापून झाला की पाइप सुटा करून बेकरीचा माणूस स्वतः गाडीत ठेवतो.